माईकवरून वाटलेलं दान

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा मी माईक हातात धरून केला आणि त्याला टाळ्या पडल्या. तो मूर्खपणा होता हे कळायला मला कित्येक महिने लागले, तेही टाळ्या पडल्यामुळेच. त्या पडल्या नसत्या तर बहुधा घरी पोहोचेपर्यंतच कळलं असतं.

परवा नात संडेस्कूलमधून आली आणि सोफ्यावर उडी टाकून म्हणाली, "आजी, आज आम्हाला कृपादानं शिकवली. देव प्रत्येकाला एक तरी दान देतोच, मंडळीच्या उपयोगासाठी. तुझं कुठलं गं?"

मी म्हटलं, "तूच सांग."

तिने जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. "बोलणं," म्हणाली.

तिची आई स्वयंपाकघरात उगाचच खोकली. मी हसले खरी, पण मग दुपारभर चैन पडेना. नातीला अर्धवट गोष्टी सांगण्यात मी पटाईत आहे, ही मात्र अर्धवटसुद्धा सांगितलेली नाही. इथे पूर्ण लिहिते.

तेव्हा मी आजी झालेली नव्हते. शाळेतून नुकतीच निवृत्त होऊन मुलाच्या महाळुंग्याच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. आयुष्यभर अख्ख्या वर्गाला नुसत्या नजरेने गप्प बसवलेली बाई, आणि आता समोर एक बाल्कनी आणि बाल्कनीसमोर क्रेन. अशी बाई फार धोकादायक असते. तिला कुणाला तरी सुधारायचं असतं. क्रेन सुधारत नाही, मुलगा सकाळीच कंपनीत निघून जातो, मग उरतं चर्च.

आमच्या चर्चची मंडळी लहान होती. घोटावडे फाट्याच्या अलीकडे, टाइल्सच्या दुकानामागे एक गाळा भाड्याने घेतलेला, वर पत्रा. निम्मी माणसं हिंजवडीच्या कंपन्यांतली तरुण मुलंमुली, गावं दूरची, मराठीत इंग्रजी कालवून बोलणारी. निम्मी आतल्या खोऱ्यातून जीपने, एसटीने येणारी. दर रविवारी गाणी झाली की पाळकसाहेब विचारायचे, "प्रार्थनेचे विषय?" लोक उभं राहून आपापली अडचण सांगायचे आणि मग दोघंतिघं मोठ्याने प्रार्थना करायचे. त्या दोघातिघांत एक मी असायचे. आणि एक ती.

ती कोळवणच्या खोऱ्यातली. मूळची नगरकडची, पण लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर इकडेच. पुण्याच्या कुणा साहेबांच्या फार्महाउसची राखण दोघं करायची. बोलणं अस्सल मावळी होऊन गेलेलं. सगळे तिला मावशी म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे, वयाने ती माझ्याबरोबरीची असून. ती मला 'बाई' म्हणायची, शाळेतल्या बाई म्हणतात तसं.

माझी प्रार्थना म्हणजे अर्ज असायचा. 'हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी नम्रपणे विनंती करतो की' असा. शेवटी 'आपली विश्वासू' म्हणायचं तेवढं राहायचं. आणि मावशी? ती उभी राहायची, पदर डोक्यावर ओढायची आणि देवाशी भांडायला लागायची.

"बाबा, ह्या पोरीचं डोकं लई दुकतंय. रातरात जागती ती कंपनीत. मागल्या आयतवारी बी तुला सांगितलं व्हतं. इसरलास का? न्हाई, तू इसरायचा न्हाईस, पर मी आपली आटवन करतीया. आन तिच्या त्या सायबाकडं बी जरा बघ. लई राबवून घेतोय."

ज्या मुलीसाठी हे चाललेलं असायचं ती डोळे मिटून रडायची. मागच्या रांगेत मात्र हसू दाबताना एकदोघींचे खांदे हलायचे. मी ते पाहिलं आणि मनाशी ठरवून टाकलं की मंडळीची शोभा जाते आहे. खरं कारण दुसरंच होतं. उपासना संपली की माणसं चपला शोधता शोधता मावशीच्या कानाशी लागायची. 'मावशी, आईचं ऑपरेशन आहे.' 'मावशी, घर मिळत नाहीये.' माझ्या कानाशी कुणीही लागायचं नाही. मला लोक फार तर विचारायचे, "बाई, 'आशीर्वाद' मधली दुसरी वेलांटी की पहिली?"

त्या पावसाळ्यात पाळकसाहेबांनी कृपादानांवर वर्ग घ्यायला सुरुवात केली. शिकवणं, सेवा, दया, औदार्य, बोध, दुसऱ्यासाठी प्रार्थनेत उभं राहणं. माणूस तरुण, पण शांतपणे शिकवायचा. म्हणायचा, "आपलं दान आपण निवडत नाही. दुसऱ्याचंही आपण ठरवत नाही. एकमेकांकडे नीट पाहत राहायचं, मग हळूहळू कळतं." मी सगळं लिहून घेतलं. 'हळूहळू' तेवढं राहिलं.

शेवटच्या वर्गाच्या वेळी त्यांना बाहेरगावी जायचं होतं. म्हणाले, "बाई, तुम्ही घ्याल?" घेईन का! मी आदल्या रविवारीच उभी राहून घोषणा केली: "पुढील रविवारी प्रत्येकाने देवाने आपल्याला दिलेली दाने ओळखून यावे, व ती मंडळीपुढे अर्पण करावीत."

आता इथे थांबून माझं कौतुक करायला हवं. साध्या माणसासारखं 'दानं' म्हटलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण शुद्ध बोलणं म्हणजे माझा जीव की प्राण. म्हणून 'दाने'. आणि खोऱ्यातला माणूस पाण्याला पानी म्हणतो, तसा दाण्यांना दाने म्हणतो. दिवस होते भातकापणीनंतरचे. आमच्यातली जुनी माणसं याच दिवसांत नव्या पिकाचे पहिले दाणे चर्चमध्ये आणून अर्पण करतात, तो सण लहानपणापासून पाळलेला. माझ्या त्या शुद्ध वाक्यातून मावशीला जे ऐकू आलं, ते तिच्या जागी कुणालाही ऐकू आलं असतं.

रविवारी एकेक जण पुढे येऊ लागला. एका मुलाने गिटारवर थाप मारून संगीताचं दान जाहीर केलं. एकीला शिकवण्याचं होतं. एकाला औदार्याचं, तो जरा लाजलाच. मी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखी मान हलवत होते. मग मावशी उठली. पाठीमागून एक जड पिशवी ओढत आणली, टेबलापाशी ठेवली, तिचं तोंड सोडलं. नवा इंद्रायणी. वर एका फडक्यात बांधलेले वाल.

"हे माजं दाने," ती म्हणाली. "तांदूळ नवा हाय. वाल थोडंच हायेत, पावसानं खाल्लं."

क्षणभर कुणाला कळेना. मग कुणीतरी फस्‌कन हसलं आणि गाळाभर हसू पसरलं. वाईट मनाने हसले असं नाही, पण हसले. तिने सगळ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. काय चुकलं हे तिला कळत नव्हतं, आणि ते मी सांगावं म्हणून ती थांबली होती.

मी सांगू शकले असते की चूक माझ्या भाषेची आहे. एका वाक्यात झालं असतं. मी माईक उचलला.

"हसू नका," मी म्हटलं, आणि आवाज असा लावला की मलाच भरून आलं. "आज देवानेच आपल्याला दाखवून दिलं आहे. मावशींचं दान सेवेचं! आजपासून रविवारच्या जेवणाची सेवा मावशींकडे!"

टाळ्या. काय टाळ्या! गिटारवाल्याने तारसुद्धा छेडली.

मावशी जागची हलली नाही. टाळ्या थांबल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आन प्रार्थना?"

मी माईक तोंडापासून लांब धरून म्हटलं, "प्रार्थना काय, सगळेच करतात, मावशी."

संध्याकाळी मुलाला सांगितलं, "आज मी एका बाईची लाज राखली." तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "ग्रेट, आई."

गाळ्याच्या मागच्या बाजूला प्लायवूड लावून एक अरुंद जागा केलेली होती. तिथे गॅसची शेगडी. उपासना संपताना भात गरम हवा, म्हणून गाण्यांच्या वेळीच मावशी आत जायची. इकडे पाळकसाहेब विषय विचारत, तिकडे पाणी उकळत. तिचा आवाज बंद झाला, भांड्यांचा सुरू झाला. महिन्याभरात पोरं तिला भातमावशी म्हणायला लागली. भात खरंच सुरेख व्हायचा. उपासना वेळेवर संपायची. प्रार्थनेत आता व्याकरणाची एकही चूक होत नव्हती, आणि कुणी रडतही नव्हतं.

पाळकसाहेब परत आल्यावर म्हणाले होते, "मावशी आत का?" मी म्हटलं, "त्यांना सेवेचं दान आहे, सगळ्या मंडळीने ओळखलं." ते बरं म्हणाले. डोकं दुखणारी ती मुलगी मात्र एकदा चहाच्या वेळी मला म्हणाली, "आंटी, मावशी हल्ली प्रे का नाही करत?"

"त्यांना त्यांचं दान सापडलं ना."

"अच्छा," ती म्हणाली. कपातला चहा तसाच ठेवून गेली. पुढे ती यायचीच बंद झाली. मी समजले, शिफ्ट बदलली असेल.

उन्हाळा लागला. पत्रा असा तापायचा की पंख्याखालीही जीव नको व्हायचा. अशाच एका रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "अजून कुणाचा विषय?" आणि प्लायवूडच्या दारात मावशी आली. एका हातात उलथणं, दुसऱ्या हाताने पदर कपाळाला लावलेला. तोंड अर्धवट उघडलेलं. पाळकसाहेबांची मान खाली होती. मी पहिल्या रांगेत, दाराच्या बाजूला. तिने माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं, किती माणसं जेवायला आहेत ते विचारायचं असेल. किंवा मीठ.

मी तळहात दाखवला, थांबा म्हणून. मग बोट शेगडीकडे केलं. मध्येच उठलेल्या पोराला शाळेत परत बाकावर बसवायचे ना, तीच खूण. हात आपोआप झाला. इतक्या वर्षांची सवय.

ती मागे वळली. आत कुकरची शिट्टी झाली आणि पोरं हसली.

जेवताना मी विचारलंही, "मावशी, मघाशी काय म्हणत होतात?"

"काय न्हाई," ती म्हणाली आणि माझ्या ताटात भात वाढला. "झालं आता."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका रविवारी शेगडी थंड होती. प्रार्थनेच्या वेळी माणसं वास येतोय का बघत होती, मीसुद्धा. संपल्यावर कुणीतरी म्हणालं, "मग आज ऑर्डर करायचं का?" पाळकसाहेबांनी फोन लावला, लागला नाही. सोमवारी त्यांनी फार्महाउसच्या मालकांना गाठलं तेव्हा कळलं. मावशीचा नवरा गेला होता. लिव्हरचं दुखणं होतं. दीर येऊन त्याला नगरकडे त्यांच्या गावी घेऊन गेले, तिथेच दफन झालं. आमच्या मंडळीतलं एकही माणूस मातीला नव्हतं. कुणाला तो आजारी असल्याचंच माहीत नव्हतं.

ती परत आल्यावर आम्ही चौघंजणं पौडहून जीपने गेलो. फार्महाउसच्या मागे तिची खोली. तिने पाणी दिलं, चटई टाकली. बोलता बोलता, अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, "डाक्टरनं शनवारी सांगितलं, आता घरी न्या. आयतवारी मी आली व्हती की. म्हनलं, सगळ्यांस्नी सांगावं, समदी मिळून मागू देवाला." एवढं बोलून तिने तांब्या सारखा केला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कुठला रविवार ते मला विचारावं लागलं नाही.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मग म्हणाले, "मावशी, तुम्हीही दोन शब्दांची प्रार्थना करा. तुम्ही केली की आम्हाला सगळ्यांनाच बळ येतं."

आता मात्र तिने पाहिलं. पाळकांकडे नाही.

"बाईंना इचारा," ती म्हणाली. "माजं दान कंचं, ते त्यांना ठावं."

परत येताना पौडच्या स्टँडवर उतरल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "बाई, त्या काय म्हणाल्या ते मला कळलं नाही." मग मी त्यांना सगळं सांगितलं. तांदळाची पिशवी, माईक, 'आन प्रार्थना?', दारातली खूण. स्टँडवर लाल डबा आला, गेला. ते ऐकत राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. शेवटी एवढंच म्हणाले, "गरम भात मीही खाल्लाच की."

सेवेचं दान खोटं नाही. ते ज्याला मिळालं आहे त्याच्या हातचं पाणीसुद्धा वेगळं लागतं, अशी माणसं मी पाहिली आहेत. पण देणारा एक होता आणि घेणारी एक होती. त्या दोघांच्या मधे मी रेशनचं दुकान उघडून बसले. जिचा आवाज मला जड व्हायचा तिला मी शेगडी दिली, आणि वरून देवाची सही ठोकली. माझी सही मारली असती तर तिने भांडून परत तरी केली असती. देवाच्या सहीशी ती कशी भांडणार? ज्याच्याशी ती दर रविवारी भांडायची त्याच्याच नावाने मी तिला गप्प केलं.

पुढच्या रविवारपासून शेगडीपाशी मी उभी राहिले. माझा भात खालून लागायचा, वरून कच्चा राहायचा. मंडळीने तो सहन केला. माझं ते दान नाही यावर सगळ्यांचं एकमत आहे. महिन्याभराने मावशी यायला लागली. शेवटच्या रांगेत बसायची. विषय विचारून झाले की पाळकसाहेब तिच्यासाठी थांबायचे. गाळा शांत व्हायचा, नुसते पंखे घरघरायचे. ती उठायची, माझ्या शेजारून प्लायवूडच्या मागे जायची आणि ताटं पुसायला घ्यायची.

म्हणून एक दिवस मी एकटी कोळवणला गेले. एसटीत सगळी वाट मनात भाषण रचत होते. तीन मुद्दे, सुरुवात, समारोप. फाटकातून आत शिरले, मागच्या अंगाला वळले, आणि तिचा आवाज ऐकू आला.

कुणाशी तरी वाद चालला होता. "...आन आता मला एकटीला ठिवलंस. बरं, ठिवलंस तर ठिवलंस. पर ती पोरगी यायची थांबली, तिचं काय? तिचं डोकं दुकतंय का थांबलं? मला कोन सांगनार? तूच सांग की..." तोच पूर्वीचा सूर. तोच पूर्वीचा तगादा. मला वाटलं, पाहुणा आलेला दिसतो. मी दारात पोहोचले.

आत ती एकटीच होती. मांडीपुढे सूप, सुपात तांदूळ. माझी सावली सुपावर पडली आणि ती अर्ध्या शब्दावर थांबली.

"या बाई," म्हणाली. उठली, पाणी दिलं, एक ताट माझ्यापुढे सरकवलं. "निवडा."

आम्ही दोघी खडे वेचत बसलो. मला चष्मा असूनही खडे दिसेनात. भाषणातला एकही मुद्दा आठवेना.

"मावशी, ते दान मी दिलं होतं," मी म्हटलं. "देवाने नव्हतं दिलं. आणि त्या रविवारी तुम्ही दारात आलात तेव्हा मीच तुम्हाला परत पाठवलं. माझं चुकलं."

"व्हय," ती म्हणाली.

"मला माफ करा."

"ते कवाच केलं. देवानं सांगितलंय करायचं, मग काय करता!"

"मग परत उभ्या राहा ना. मंडळीला तुमचा आवाज हवाय."

"मंडळीला, का तुमाला?"

"मला," मी म्हटलं. खरं होतं ते.

तिने सूप बाजूला ठेवलं, चुलीवरचं पातेलं उतरवलं, ताटलीत भात काढला, वर आमटी ओतली आणि माझ्यापुढे ठेवली. मग समोर बसून, आवाज न चढवता, माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली,

"देवाशी माजं बोलनं थांबलं न्हाई, बाई. तुमच्यादेखत थांबलंया. घ्या, भात निवतोय."